परमनंट मॅग्नेट जनरेटरचं मॉडेल: कागदावर २७ अँपिअर, लेथवर १४. मॉडेलमधून काय सुटतंय?

चेंबूर_देवगड
नमस्कार मंडळी. राहतो चेंबूरला, गाव देवगड तालुक्यात. घर सड्यावर (कातळाच्या पठारावर), समुद्राच्या तोंडाशी. देवगडला पवनचक्क्या का उभ्या केल्या हे त्या सड्यावर पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं. तिथे २.४ मीटर व्यासाची छोटी चक्की बसवून ४८ व्होल्टची बॅटरी चार्ज करायची आहे.

जनरेटर इथेच मुंबईत तयार करून घेतला. जुन्या थ्री-फेज मोटरचा ४८ स्लॉटचा (खाचांचा) स्टेटर, म्हणजे स्थिर भाग, नव्याने भरून घेतला, रोटर (फिरता भाग) नवीन, त्यावर १६ निओडिमियम चुंबकं. म्हणजे ८ पोल-जोड्या. स्टार कनेक्शन. ३०० आरपीएमला मोकळ्या टर्मिनलवर लाइन-टू-लाइन ३० व्होल्ट आरएमएस मिळतात, दोन टर्मिनलमधला रेझिस्टन्स १ ओहम, म्हणजे फेजला अर्धा ओहम.

ऑक्टेव्ह या गणिती सॉफ्टवेअरमध्ये साधं मॉडेल केलं: वेगाच्या प्रमाणात वाढणारा ईएमएफ (कॉइलमध्ये तयार होणारं व्होल्टेज), त्यामागे रेझिस्टन्स, पुढे एसीचं डीसी करणारा सहा डायोडचा ब्रिज, शेवटी बॅटरी. ६०० आरपीएमला मॉडेल २७ अँपिअर सांगतं. लेथवर चढवून ५२ व्होल्टच्या बॅटरीवर सोडलं तर क्लॅम्प मीटरवर १४ च्या आसपास दिसतात. अर्धा तास चालवलं की आकडा ११ च्याही खाली येतो. वेग टॅकोमीटरने तपासलाय, तो बरोबर आहे. पाती कोरायला घेण्याआधी हा फरक समजून घ्यायचाय, कारण पात्यांचं सगळं गणित या मॉडेलवर बसवणार आहे. नक्की काय सुटतंय?

वाइंडिंगवाले_काका
भाऊ, आधी तिन्ही लाइन-व्होल्टेज सारखे येतात का ते बघा. एखादी कॉइल उलटी जोडली गेली की एक फेज लंगडी पडते. एका बाजूचा आकडा ३० आणि बाकीच्यांचे कमी असं होतं. लालबाग-परळच्या पट्ट्यात गिरण्यांच्या मोटरी भरत आलो, जास्तीत जास्त घोळ जोडणीतच सापडायचा.

दुसरं, गरम झाल्यावर करंट उतरतो ते साहजिक आहे. तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतोच.

चेंबूर_देवगड
काका, तिन्ही सारखे आहेत, अर्ध्या व्होल्टच्या आत. कॉइल व्यवस्थित आहेत.

मीमुलुंडकर
वाचतोय. विषय डोक्यावरून जातोय पण सोडवत नाही.

अनघा_प
काकांनी सांगितलेली तपासणी पहिली करायला हवी होतीच, ती झाली हे बरं. आता मॉडेलकडे येऊ.

तुमच्या मॉडेलमध्ये इंडक्टन्स, म्हणजे करंटच्या बदलाला कॉइल करते तो विरोध, नाही. रेझिस्टन्स मल्टिमीटरवर दिसतो म्हणून आपण तो धरतो, इंडक्टन्स दिसत नाही म्हणून राहून जातो. पण ६०० आरपीएमला तुमच्या मशीनची फ्रिक्वेन्सी ८० हर्ट्झ आहे (६०० गुणिले ८ भागिले ६०), आणि स्लॉट असलेल्या लोखंडी स्टेटरमध्ये त्या फ्रिक्वेन्सीला इंडक्टन्सचा अडथळा रेझिस्टन्सहून मोठा असू शकतो.

ब्रिजमध्ये करंट एका फेजमधून दुसऱ्या फेजमध्ये जातो तेव्हा नेमकं काय होतं? कॉइलमधला करंट एका क्षणात शून्य होत नाही. गर्दीच्या वेळी दादरला लोकलच्या दारात उतरणारा आणि चढणारा एकदमच अडकतात, आणि तेवढा वेळ दार कोणाच्याच कामाचं नसतं. तसंच इथे थोडा वेळ दोन्ही डायोड एकदम चालू राहतात आणि त्या वेळात आउटपुट व्होल्टेज पडलेलं असतं. याची सरासरी काढली की डीसी बाजूला एक जादा अडथळा दिसतो: ३ गुणिले ओमेगा एल भागिले पाय (ओमेगा म्हणजे इलेक्ट्रिकल वेग, एल म्हणजे फेजचा इंडक्टन्स). त्यात उष्णता तयार होत नाही, पण व्होल्टेज तितकं कमी होतंच.

आता हिशोब. ६०० ला लाइन व्होल्टेज ६०, डीसी सरासरी १.३५ पट म्हणजे ८१. बॅटरी ५२ आणि डायोडचे २, एकूण ५४. उरले २७ व्होल्ट. मार्गात दोन फेज, म्हणजे १ ओहम. तुमचे २७ अँपिअर इथून आले. आता समजा फेजचा इंडक्टन्स २ मिलिहेन्री आहे. ८० हर्ट्झला तो १ ओहम, आणि कम्युटेशनचा, म्हणजे वर सांगितलेल्या फेजबदलाचा, अडथळा ०.९६ ओहम. २७ भागिले १.९६ करा.

चेंबूर_देवगड
१३.८!! ताई, लेथवरचा आकडा हाच. पण २ मिलिहेन्री तुम्ही अंदाजाने घेतलेत ना?

अनघा_प
हो, उत्तर जुळेल असा आकडा उलटा काढला. म्हणूनच तो पुरावा धरू नका. स्वतंत्रपणे मोजा, मोजलेला आकडा २ च्या जवळ आला तरच गोष्ट पटली म्हणायचं. जुळवून घेतलेल्या आकड्यावर पाती कोरू नका.

सिम्युलेशन_सागर
मला वाटतं मुळात डीक्यू (रोटरबरोबर फिरणाऱ्या डी आणि क्यू या दोन अक्षांचं) मॉडेलच वापरायला हवं. रॉबर्ट पार्कने १९२९ मध्ये मांडलेलं रूपांतर आहे, सगळी पुस्तकं त्यावरच चालतात. तिन्ही फेजच्या साइन लाटा फिरत्या चौकटीत स्थिर आकडे होऊन जातात, टॉर्कचं सूत्र सुटसुटीत मिळतं. सिम्युलिंक या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये तयार ब्लॉक आहे. फेजनिहाय मॉडेल म्हणजे मागे जाणं.

अनघा_प
सागर, इथे मी असहमत. डीक्यूचा खरा फायदा आयजीबीटी किंवा मॉसफेटच्या (हवं तेव्हा चालू-बंद करता येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) अॅक्टिव्ह रेक्टिफायरमध्ये होतो, तिथे करंट साइन ठेवलेला असतो आणि कंट्रोलरच डीक्यू चौकटीत चालतो. डायोड ब्रिजमध्ये करंट साइन नसतो. त्यामुळे डीक्यूमध्ये नेलं तरी आकडे स्थिर राहत नाहीत, सहापट फ्रिक्वेन्सीने हलत राहतात, आणि डायोड कधी चालू, कधी बंद हे कळायला परत फेजमध्येच यावं लागतं. शिवाय चुंबकं रोटरच्या पृष्ठभागावर आहेत, म्हणून डी आणि क्यू अक्षांचे इंडक्टन्स जवळपास सारखे. चुंबकं रोटरच्या पोटात पुरलेली असती तर मी तुमच्या बाजूने बोलले असते.

सिम्युलेशन_सागर
डायोड ब्रिजबद्दल मान्य. पण पुढेमागे एमपीपीटी (वाऱ्यातून जास्तीत जास्त पॉवर काढणारा कंट्रोलर) बसवायचा असेल तर डीक्यू लागणारच, म्हणून आत्ताच शिकून घ्यावं हा माझा आग्रह कायम.

आणि तयार ब्लॉक वापरणाऱ्या प्रत्येकासाठी: मॉडेल दुप्पट-निम्मं चुकण्याची कारणं बहुतेक वेळा तीच ती असतात. पोल आणि पोल-जोडी. लाइन व्होल्टेज आणि फेज व्होल्टेज. आरएमएस आणि पीक. शाफ्टचा वेग आणि इलेक्ट्रिकल वेग. सिम्युलिंकच्या त्या ब्लॉकमध्ये व्होल्टेज कॉन्स्टंट दर हजार आरपीएमला लाइन-टू-लाइन पीक असा मागतात. तिथे आपण मीटरवरचा आरएमएस टाकला की पुढचं सगळं १.४१ पटीने चुकतं. या मशीनचं करून दाखवतो: ३०० ला लाइन ३०, म्हणजे फेज १७.३, पीक २४.५ व्होल्ट. इलेक्ट्रिकल वेग २५१ रेडियन प्रति सेकंद. फ्लक्स लिंकेज २४.५ भागिले २५१, म्हणजे ०.०९७५ वेबर. टॉर्क दीड गुणिले ८ गुणिले ०.०९७५, म्हणजे क्यू करंटच्या दर पीक अँपिअरला १.१७ न्यूटन-मीटर. ते दीड विसरलं तर पॉवरचा ताळेबंद बसत नाही. प्रत्येक मॉडेलमध्ये शाफ्टकडून आलेली पॉवर आणि बाहेर गेलेली अधिक तोटे यांची बेरीज तपासायचीच.

दादरचा_दीपक
अवांतर विचारतो. आमची चार मजली सोसायटी आहे, गच्चीवर अशी एखादी चक्की लावली तर जिन्यातले दिवे निघतील का? लोहार चाळीत वायर स्वस्त मिळते, बाकी जुळवाजुळव मी करू शकतो.

अनघा_प
दीपक, उत्साह मोडायचा नाही, पण आकडे बघा. वाऱ्यातली पॉवर वेगाच्या घनाने वाढते. २ मीटर व्यासाची पाती आणि ३ मीटर प्रति सेकंद वारा धरला तर त्या वर्तुळातून जाणाऱ्या हवेत जेमतेम ४९ वॅट असतात. बेट्झच्या मर्यादेने कुठलीही पाती ५९.३ टक्क्यांवर जाऊ शकत नाहीत, छोट्या पात्यांना ३० मिळाले तरी चांगलं. जनरेटरचे ८० टक्के धरा. हातात १२ वॅट. त्यात दादरमध्ये आजूबाजूला उंच इमारती, म्हणजे वारा भोवऱ्यासारखा दिशा बदलत येतो आणि पाती सारखी तोंड फिरवत राहतात. शिवाय चक्कीची थरथर स्लॅबमधून वरच्या मजल्यावरच्या घरात उतरते. गच्चीला ऊन असेल तर सोलर लावा. १ किलोवॅटला दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात.

दादरचा_दीपक
१२ वॅट! मग सोलरच. धन्यवाद ताई, सोसायटीच्या मीटिंगमध्ये हेच आकडे ठेवतो.

एफईएम_योगेश
मूळ प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने येतो. एवढं सगळं मोजत बसण्यापेक्षा मशीन फायनाइट एलिमेंटमध्ये (एफईएम, म्हणजे मशीनचे बारीक तुकडे पाडून कॉम्प्युटरवर चुंबकीय क्षेत्र काढणं) काढा. डेव्हिड मीकरचं एफईएमएम फुकट आहे. स्टेटरचं लॅमिनेशन काढा, चुंबकाची ग्रेड द्या, फ्लक्स, इंडक्टन्स, कॉगिंग (चुंबकं स्टेटरच्या दातांना ओढली जाऊन रोटर अडणं), दातांमधलं सॅच्युरेशन सगळं एका ठिकाणी मिळेल.

वाइंडिंगवाले_काका
योगेशराव, जुन्या मोटरचं लोखंड कोणत्या जातीचं हे कोण सांगणार? नेमप्लेटवर ते नसतं. स्टॅम्पिंगवरचा वॉर्निश कुठे किती जळलाय हेही दिसत नाही. जुनं वाइंडिंग काढायला भट्टीत टाकतात तेव्हा तो जळतो. चुंबकांवर एन४२ लिहिलेलं असतं, आत काय असेल देव जाणे. मशीन समोर आहे, तर मशीनलाच विचारायचं.

एफईएम_योगेश
काकांचा मुद्दा बिनतोड आहे, तयार मशीनसाठी मोजणंच बरं. पण मशीन बांधायच्या आधी अंदाज लागतोच. तिथे सुरुवातीला एफईएमचीही गरज नसते. एअरगॅपमधला फ्लक्स म्हणजे चुंबकाचा बीआर (चुंबकाचं स्वतःचं उरलेलं क्षेत्र) गुणिले चुंबकाची जाडी, भागिले जाडी अधिक १.०५ पट गॅप. बीआर १.३ टेस्ला, चुंबक ५ मिमी, गॅप १ मिमी धरला तर १.०७ टेस्ला. स्लॉट आणि गळतीमुळे प्रत्यक्षात कमी येतो. गॅप २ मिमी केला की ०.९२. गॅपमध्ये जराशी ढिलाई किती महाग पडते ते यावरून कळतं. हा हात-हिशोब आधी करायचा, मग एफईएम.

वाइंडिंगवाले_काका
बरोबर बोललात.
आणि चेंबूरकर, रोटर हाताने फिरवून बघा. टकटक करत अडतो का?

चेंबूर_देवगड
हो काका, बराच अडतो. स्पॅनर लावूनच सुरुवात करावी लागते.

अनघा_प
४८ स्लॉट आणि १६ पोल म्हणजे तसं होणारच. कॉगिंगचे एका फेरीतले ठोके म्हणजे स्लॉट आणि पोल यांचा लसावि. इथे ४८, आणि प्रत्येक ठोक्याला सगळी चुंबकं एकदम दातांसमोर येतात. १८ स्लॉटवर १६ पोल असते तर लसावि १४४, ठोके बारीक आणि हलके. स्टेटर बदलणं शक्य नाही, तर रोटरवर चुंबकं एका स्लॉटइतकी, म्हणजे ७.५ अंश, तिरकी बसवा. व्होल्टेज साडेचार टक्के घटेल, पण चक्की हलक्या वाऱ्यात स्वतःहून सुटेल. सड्यावरसुद्धा दिवाळीनंतर वारा मंदावतोच.

नेहा_कुर्ला
गरम झाल्यावर १४ चे ११ होतात त्याचं पूर्ण उत्तर अजून आलं नाही. काकांनी तांब्याचं सांगितलं, ते अर्धं. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. वाइंडिंग २५ वरून ९० अंशांवर गेलं तर ०.५ चे ०.६३ ओहम. पण चुंबकसुद्धा तापतात आणि निओडिमियमचा बीआर दर अंशाला साधारण ०.१२ टक्के उतरतो. चुंबक ४० अंशांनी तापलं तर ईएमएफ ५ टक्के कमी, ८१ चे ७७. ऐकायला ५ टक्के लहान वाटतात, पण बॅटरीचे ५४ वजा केल्यावर उरलेल्या २७ मधून ४ जातात! आता ताईंच्या सूत्रात घाला: २३ भागिले (१.२६ अधिक ०.९६). १०.४ अँपिअर.

म्हणून मॉडेलमध्ये तापमान हवंच. निदान थंड आणि गरम असे दोन संच ठेवा. आणि साधं एन४२ हे ८० अंशांपर्यंतचंच समजतात. त्यावर गेलं तर थंड झाल्यावरही ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. जास्त तापमानासाठी एसएच वगैरे ग्रेड असतात.

मीमुलुंडकर
त्या एसएच ग्रेडमध्येच ते डिस्प्रोसियम असतं ना, ज्याची बातमी होती?

नेहा_कुर्ला
हो. डिस्प्रोसियम किंवा टर्बियम मिसळलं की चुंबक उष्णतेतही विरुद्ध क्षेत्रापुढे टिकतं. एप्रिल २०२५ मध्ये चीनने समॅरियम, डिस्प्रोसियम, टर्बियम यांच्यासह सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवाना लावला, त्यात ही चुंबकंही आली, आणि आपल्याकडच्या गाड्यांच्या कारखान्यांपर्यंत त्याची झळ पोचली.

दादरचा_दीपक
रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळी वाळू आहे म्हणतात, त्यात नाही का हे सापडत?

नेहा_कुर्ला
ती काळी वाळू मुख्यतः इल्मेनाइट, म्हणजे टायटॅनियमचं खनिज. निओडिमियम मिळतं मोनाझाइटमधून, ते केरळ, तमिळनाडू, ओडिशा, आंध्र या किनाऱ्यांवर. सरकारी कंपनी आयआरईएल ते काढते. खनिजापासून तयार चुंबकापर्यंतच्या मधल्या पायऱ्या आपल्याकडे फार तोकड्या आहेत, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं. छोट्या जनरेटरला फेराइट हा पर्याय आहे. बीआर ०.४ टेस्लाच, म्हणजे मशीन मोठं आणि जड होतं, पण गंजत नाही आणि स्वस्त.

चेंबूर_देवगड
मंडळी, मोजून आलो. इंडक्टन्स दोन पद्धतींनी काढला.

एक, एलसीआर मीटर (इंडक्टन्स मोजणारं) १०० हर्ट्झवर ठेवून दोन टर्मिनलमध्ये. रोटर हळूहळू फिरवत पाहिलं, आकडा ३.९ ते ४.१ मिलिहेन्री. निम्मा केला की फेजचा २. रोटरच्या जागेनुसार फारसा बदलत नाही, म्हणजे ताई म्हणाल्या तसं डी आणि क्यू सारखेच.

दोन, ३०० आरपीएमला तिन्ही टर्मिनल शॉर्ट करून क्लॅम्प मीटरने करंट. २४ अँपिअर. १७.३ भागिले २४ म्हणजे ०.७२ ओहम. त्याच्या वर्गातून अर्ध्या ओहमचा वर्ग वजा करून वर्गमूळ काढलं की ओमेगा एल ०.५२, म्हणजे २.०६ मिलिहेन्री. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी आल्या! ऑक्टेव्हमध्ये घातल्यावर थंड मशीनचा आणि गरम मशीनचा, दोन्ही आकडे लेथच्या जवळ आले. मनापासून आभार.

अनघा_प
वा! आता ते मॉडेल वापरता येईल. शॉर्टची चाचणी थोडक्यात उरकत जा, तेवढ्या करंटला वाइंडिंग झपाट्याने तापतं.

आता पुढचं. ५४ व्होल्ट डीसीसाठी लाइन ४० व्होल्ट लागतात, ते ४०० आरपीएमला मिळतात. २.४ मीटरच्या पात्यांना ४०० म्हणजे टोकाचा वेग ५० मीटर प्रति सेकंद. मोकळी फिरताना टोक वाऱ्याच्या नऊपट पळतं असं धरलं तरी साडेपाच मीटरच्या खाली चार्जिंग सुरूच होणार नाही. बॅटरी २४ व्होल्टची केली तर २०७ आरपीएमला सुरू होतं, म्हणजे वारा ३ च्या आसपास असतानाच. ८ मीटर वाऱ्यात मला साधारण ३४० आरपीएम आणि बॅटरीत ३०० वॅट येताना दिसतात. जोरदार वाऱ्यात मात्र २४ ची बॅटरी पात्यांना दाबून ठेवेल, वेग वाढू देणार नाही. दोन्हीकडचं हवं असेल तर मध्ये एमपीपीटी कन्व्हर्टर लागेल, जो टॉर्क वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात ठेवतो.

सिम्युलेशन_सागर
आणि तिथे डीक्यू! वाचनखूण साठवतोय.

वाइंडिंगवाले_काका
पोरा, वादळात चक्की थांबवणार कशी? टर्मिनल शॉर्ट करून?

चेंबूर_देवगड
हो काका, तीन पोलचा स्विच लावून शॉर्ट करायचा विचार आहे.

अनघा_प
थांबा, हे फार महत्त्वाचं आहे. शॉर्टचा ब्रेक-टॉर्क वेगाबरोबर वाढत जात नाही. ओमेगा एल आणि रेझिस्टन्स सारखे होतात तिथे तो सर्वाधिक असतो. तुमच्या मशीनमध्ये तो वेग जवळपास ३०० आरपीएम. त्यापुढे करंट वाढून ३४ अँपिअरच्या आसपास अडकतो आणि ब्रेक उलट कमजोर होत जातो. चक्की आधीच ७०० वर पळत असेल आणि तेव्हा स्विच टाकलात, तर ती थांबेलच असं नाही. वाइंडिंग जळेल, आणि गरम चुंबकांवर उलट क्षेत्र पडून ती कायमची उतरतील. स्विच वारा वाढायच्या आधी टाकायचा. वादळासाठी शेपटी दुमडून पाती वाऱ्यातून बाजूला नेणारी यांत्रिक सोय हवीच.

एफईएम_योगेश
सहमत. शिवाय स्विचच्या आधी प्रत्येक फेजमध्ये अर्ध्या-एक ओहमचा जाड रेझिस्टर टाकला तर सर्वाधिक ब्रेकचा वेग वर सरकतो आणि उष्णता वाइंडिंगच्या बाहेर जाते. एक ओहम टाकला तर एकूण दीड, म्हणजे सर्वाधिक ब्रेक ९०० आरपीएमजवळ. चक्की मंदावली की दुसऱ्या स्विचने रेझिस्टर वगळून सरळ शॉर्ट करायचं.

चेंबूर_देवगड
हे मॉडेलमध्ये घालून बघतो. दोन टप्प्यांचा ब्रेक आणि दुमडणारी शेपटी, दोन्ही करणार. बॅटरी आता २४ ची घेतो, एमपीपीटी पुढच्या वर्षी.

वाइंडिंगवाले_काका
रोटर तिरका करायला चुंबकं काढशील तेव्हा हातमोजे घाल, दोन चुंबकांमध्ये बोट आलं तर हाड मोडतं. लाकडी पाचर वापर. आणि बसवल्यावर निकेलच्या मुलाम्यावर भरवसा ठेवू नकोस, वरून इपॉक्सी भर. खाऱ्या वाऱ्यात मुलाम्याला चीर पडली की आतलं चुंबक फुगून भुगा होतं. वाइंडिंगला वॉर्निशचा आणखी एक हात द्यायचा असेल तर पावसाच्या आधी घेऊन ये, ओल्या हवेत तो नीट सुकत नाही.